संमतिपत्राची कुळकथा

शाळेत नेत्रदान पंधरवड्याचे व्याख्यान झाले, किंवा एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघात कोणी डॉक्टर बोलून गेले, की शेवटी अर्ज वाटले जातात. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या शिक्षकांपैकी पुष्कळांनी असा अर्ज कधी तरी हातात घेतला असेल आणि काहींनी भरलाही असेल. त्याचे आजचे सरकारी रूप म्हणजे 'मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण नियम, २०१४' यांना जोडलेला 'नमुना ७'. वरती नाव, वय, पत्ता, रक्तगट. खाली अवयवांची यादी : हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, स्वादुपिंड. त्याखाली ऊतींची यादी : डोळे, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या. हवे त्यावर खूण करायची, सही करायची. तळाशी दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा अशी अट.

कागदावर ही यादी एकसारखी दिसते, पण तिच्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारची वचने शेजारी शेजारी छापली आहेत. डोळे आणि त्वचा घरी, स्वतःच्या अंथरुणात मृत्यू आलेला माणूस देऊ शकतो. हृदय, यकृत, मूत्रपिंडे मात्र सहसा अतिदक्षता विभागात, श्वसनयंत्र चालू असताना मेंदू मृत झालेला माणूसच देऊ शकतो. पहिल्या वचनाला एक दूरध्वनी पुरतो. दुसऱ्याला चार डॉक्टर, दोन वेळा केलेल्या तपासण्या, पुष्कळदा पोलिसांचा कागद आणि शल्यगृह लागते. हा फरक अर्ज वाटणाऱ्यांपैकी थोडेच सांगतात. तो नीट समजायचा तर हा अर्ज कसा घडत गेला हे पाहावे लागते. त्या इतिहासात दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात : माणूस मेला हे कोणी ठरवायचे, आणि होकार कोणाचा धरायचा?

डोळ्यांपासून सुरुवात

सुरुवात डोळ्यांपासून झाली याला शरीरशास्त्रीय कारण आहे. डोळ्याच्या पुढच्या बाजूचा घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. बोलण्यात आपण त्यालाच बुबुळ म्हणून मोकळे होतो. या पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो अश्रूंच्या पातळ थरातून, थेट हवेतून, आणि पोषण मिळते ते आतल्या बाजूच्या पाण्यासारख्या द्रवातून. याचे दोन परिणाम होतात. रक्ताभिसरण थांबले तरी पारपटलाच्या पेशी काही तास जिवंत राहतात. शिवाय रक्तातल्या संरक्षक पेशींची तिथे सहजी ये-जा नसल्याने परके पारपटल शरीर बऱ्याचदा खपवून घेते. रक्तगट जुळवावा लागत नाही.

७ डिसेंबर १९०५ रोजी ऑल्म्युट्झ या गावी (आज ते चेक प्रजासत्ताकात आहे) एडुआर्ड झिर्म या नेत्रवैद्याने पहिले यशस्वी पारपटलरोपण केले. त्याने वापरलेले पारपटल एका जिवंत मुलाच्या, दुखापतीमुळे काढाव्या लागलेल्या डोळ्याचे होते. अशी संधी वाट्याला येणार किती वेळा? १९३० च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलाटोव्हने मृत व्यक्तीच्या डोळ्याचे पारपटल चालते हे दाखवून दिले, आणि तिथून खरी वाट मोकळी झाली. १९४५ साली मद्रासला भारतातली पहिली नेत्रपेढी निघाली.

आपल्याकडे १९५७ साली 'मुंबई पारपटलरोपण अधिनियम' झाला. तेव्हाचे मुंबई राज्य म्हणजे आजचा महाराष्ट्र आणि गुजरात मिळून. मृत्यूनंतर डोळे काढून घेण्याला या कायद्याने रीतसर आधार दिला. माणूस मेला की नाही हा प्रश्न या कायद्यापुढे आलाच नाही, कारण त्या वेळी मृत्यू म्हणजे हृदय थांबणे यात कोणालाच शंका नव्हती. घरचे डॉक्टर येत, नाडी पाहत, दाखला लिहीत.

दुसरा प्रश्न मात्र तेव्हापासून आजपर्यंत तसाच राहिला आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. अर्ज भरणारा माणूस स्वतः नेत्रपेढीला कळवू शकत नाही. ते कोणा दुसऱ्यानेच करायचे असते, आणि तेही घरात रडारड चालू असताना. पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, या चार साध्या सूचना अमलात आणायलाही भानावर असलेला एक माणूस लागतो. कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात ठेवलेले कार्ड तेराव्याला सापडले तर त्याचा उपयोग काय? डोळे दिले गेले ते अर्जांच्या संख्येमुळे नव्हे, तर त्या घरातल्या कोणी तरी वेळेवर उठून दूरध्वनी केला म्हणून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दधीचींचे गाव

इथे डोंबिवलीचे नाव घ्यायला हवे. मुंबईत नोकरी आणि इथे घर, अशा मध्यमवर्गीयांचे हे गाव. वाचनालये, व्याख्यानमाला, मंडळे यांची त्याला जुनी सवय. त्याच सवयीतून इथे दधीची देहदान मंडळ उभे राहिले. देहदान, नेत्रदान, त्वचादान यांचे अर्ज भरून घेणे, लोकांच्या शंकांना उत्तरे देणे आणि मृत्यूनंतर घरच्यांना मदत करणे हे मंडळाचे काम. या मदतीचे मोल आम्हाला अर्जांहून जास्त वाटते. सहा तासांच्या हिशेबात ज्या 'भानावर असलेल्या माणसा'ची उणीव भासते, ती अशी मंडळे भरून काढतात.

मंडळाच्या नावाबद्दल थोडे विषयांतर. वृत्रासुराला मारण्यासाठी वज्र हवे होते म्हणून दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा आपण मुलांना सांगतो. आजच्या भाषेत ते अवयवदान नसून ऊतीदान होते! हाड ही ऊती आहे आणि हाडांची पेढी खरोखरच असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. दात्यांची हाडे आणि गर्भावरण तिथे स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. हाडाच्या कर्करोगात काढून टाकलेला भाग भरायला ती हाडे लागतात, आणि गर्भावरण जखमेवर झाकण म्हणून उपयोगी पडते. दधीचींच्या कथेतली दुसरी गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी स्वतः होकार दिला आणि तिथेच प्रश्न मिटला. मृत्यूनंतरच्या दानात ही सोय नाही.

देहदान आणि अवयवदान यांची बोलण्यात नेहमी गल्लत होते, म्हणून तेही इथेच सांगतो. देहदान म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला अभ्यासासाठी दिलेला मृतदेह. त्याचा कायदा वेगळा आहे, तो १९४९ सालचा 'मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम'. मुळात तो बेवारस मृतदेहांसाठी केलेला होता. माणसे आपणहून देह देऊ लागतील अशी कल्पना तेव्हा क्वचितच कोणी केली असेल. कळव्याला १९९२ साली ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि या पट्ट्यातल्या देहदात्यांना जवळचे ठिकाण मिळाले. पण ज्या देहाचे शवविच्छेदन झाले आहे किंवा ज्यातून हृदय-यकृत काढले आहे, तो देह शरीररचनेच्या अभ्यासाला सहसा घेत नाहीत. नेत्रदान करून देहदान करता येते. सगळे अवयव देऊन पुन्हा देहदान मात्र होत नाही. 'सर्व काही दान' अशी खूण करणाऱ्याने घरच्यांना पसंतीचा क्रम सांगून ठेवलेला बरा.

त्वचेचेही थोडक्यात पाहू. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी निघाली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती झाली, आणि ऐरोली आपल्याच जिल्ह्यात आहे. पेढीची माणसे घरी येतात आणि मांड्या, पाय, पाठ यांवरून कागदासारखा पातळ थर काढतात. त्यात रक्तस्राव होत नाही आणि चेहऱ्याला हात लागत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली तर काही वर्षे टिकते. भाजलेल्या माणसाच्या अंगावर ती कायमची रुजत नाही. पण ते दोन-तीन आठवडे शरीरातले पाणी आणि क्षार वाहून जाऊ न देणे आणि जंतूंना बाहेर ठेवणे एवढे काम ती करते, आणि तेवढ्यात रुग्ण वाचू शकतो. स्वयंपाकघरात स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या पेढीचे महत्त्व सांगायला नको.

धडधडणारे हृदय आणि मेलेला माणूस

आता यादीचा वरचा भाग. इथे पहिला प्रश्न, माणूस मेला हे कोणी ठरवायचे, एकदम समोर येऊन उभा राहतो.

मूत्रपिंडाच्या रोपणाची सुरुवात जिवंत दात्यापासून झाली. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९६५ साली मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला, पण रुग्ण थोडेच दिवस जगला. मग ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बदलले आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, के.ई.एम.मध्येच डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी हृदयाचे रोपण केले. जगातले ते सहावे आणि आशियातले पहिले. रुग्ण काही तासच जगला. आपल्या पाठ्यपुस्तकांत बर्नार्ड यांचे नाव असते, सेन यांचे नसते, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

तारखा नीट पाहा. सेन यांची शस्त्रक्रिया फेब्रुवारी १९६८ ची आहे. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला, या कल्पनेची कसोटी हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने प्रसिद्ध केली ती ऑगस्ट १९६८ मध्ये. फ्रान्समध्ये मोलारे आणि गुलाँ यांनी १९५९ साली अशा अवस्थेचे वर्णन केले होते, पण त्यांनी तिला मृत्यू म्हटले नव्हते. म्हणजे हृदयरोपण आधी झाले आणि दाता केव्हा मेला म्हणायचा हे नंतर ठरू लागले. जपानमध्ये त्याच ऑगस्टमध्ये झालेल्या पहिल्या हृदयरोपणावरून शल्यविशारदावर मनुष्यवधाचा आरोप झाला. त्या प्रकरणाने लोकांचा विश्वास इतका उडाला की तिथे मेंदूमृत्यूचा कायदा व्हायला १९९७ साल उजाडले.

इथे वर्गात मुले हमखास एक प्रश्न विचारतात. हृदय धडधडते आहे, हात गरम आहे, छाती वरखाली होते आहे, तर माणूस मेला कसा? ज्या शिक्षकांनी जुन्या अभ्यासक्रमात बेडकाचे विच्छेदन केले आहे त्यांना उत्तर माहीत आहे. बेडकाचे हृदय बाहेर काढून मिठाच्या योग्य द्रावणात ठेवले तरी ते बराच वेळ आकुंचन पावत राहते. हृदयाचा ठोका हृदयातल्याच पेशींच्या एका पुंजक्यात सुरू होतो. मेंदू त्याचा वेग कमीजास्त करतो, पण ठोका सुरू करत नाही. श्वासाचे तसे नाही. श्वासाची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून येते. मस्तिष्कस्तंभ मेला की श्वास थांबतो, प्राणवायू संपतो, आणि मग काही मिनिटांत हृदयही थांबते. हा क्रम हजारो वर्षे अतूट होता. विसाव्या शतकाच्या मध्याला श्वसनयंत्राने तो मधेच तोडला. यंत्र फुप्फुसात हवा ढकलत राहते, रक्ताला प्राणवायू मिळतो आणि हृदय आपल्या सवयीने काही तास, काही दिवस चालू राहते.

बेशुद्धी किंवा कोमा आणि मेंदूमृत्यू हे एक नव्हेत, हे मुलांना ठासून सांगायला हवे. कोमातल्या माणसाचा मस्तिष्कस्तंभ जिवंत असतो आणि असा माणूस कधी कधी जागा होतो. मेंदूमृत्यूच्या तपासणीत प्रकाशाने बाहुली आकसते का, पारपटलाला स्पर्श केल्यावर पापणी लवते का, कानात थंड पाणी घातल्यावर डोळे फिरतात का, घशात नळी हलवल्यावर ठसका लागतो का, हे पाहतात. शेवटी यंत्राचा श्वास थांबवून, प्राणवायू देत राहून, रक्तातला कार्बन डायॉक्साइड वाढू देतात आणि माणूस स्वतः एक तरी श्वास घेतो का हे पाहतात. औषधांचा अंमल किंवा शरीर थंड पडणे ही कारणे आधीच वगळावी लागतात. हे सारे किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा करायचे, आणि करणाऱ्या चार डॉक्टरांपैकी एकही प्रत्यारोपण करणाऱ्या तुकडीतला असता कामा नये.

कायदा आणि त्यातली एक फट

या तपासणीला भारतात कायद्याचा आधार मिळायला सेन यांच्या प्रयोगानंतर सव्वीस वर्षे गेली. मधल्या काळात मूत्रपिंडांची उघड खरेदी-विक्री होऊ लागली होती आणि मुंबई हे त्या बाजाराचे एक मोठे केंद्र होते. मेंदूमृत्यूला मान्यता नसल्याने मृत दाते मिळत नव्हते, म्हणून गरिबाचे मूत्रपिंड विकत घेतले जात होते. १९९१ साली नेमलेल्या सिंघवी समितीनंतर १९९४ मध्ये 'मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम' संसदेने केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने राज्यांनी विनंती केल्यावरच असा कायदा करता येतो. ती विनंती करणाऱ्या तीन राज्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता. ४ फेब्रुवारी १९९५ पासून कायदा इथे लागू झाला. त्याआधीच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले होते. २०२३ पासून भारतीय अवयवदान दिन ३ ऑगस्टला पाळतात तो त्यामुळे.

या कायद्याने मृत्यूची व्याख्या केली, पण ती प्रत्यारोपणापुरती. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे. त्यामुळे एक विचित्र अवस्था उभी राहते. चार डॉक्टरांनी मेंदूमृत ठरवलेल्या माणसाच्या घरच्यांनी दानाला होकार दिला तर तो कायद्याने मेलेला असतो. नकार दिला तर यंत्र बंद करावे की नाही याबद्दल डॉक्टर कचरतात. एकाच शरीराला घरच्यांच्या उत्तराप्रमाणे मृत किंवा जिवंत म्हणायचे, हे विज्ञानाच्या दृष्टीने टिकणारे नाही. मेंदूमृत्यूवर लोकांचा विश्वास बसत नाही अशी तक्रार आपण करतो. पण खुद्द कायद्याचाच विश्वास अर्धा असेल तर लोकांना दोष कसा द्यायचा?

होकाराच्या प्रश्नावर कायद्याचे शब्द मात्र स्पष्ट आहेत. दोन साक्षीदारांसमोर लेखी संमती दिलेली असेल आणि ती पुढे मागे घेतली असे मानायला कारण नसेल, तर देह ज्याच्या ताब्यात आहे त्याने दानाला वाट करून द्यावी. लेखी संमती नसेल तरच नातेवाइकांचा प्रश्न येतो. म्हणजे कागदावर दात्याचीच सही मोठी. व्यवहारात मात्र 'नमुना ८' वरच्या नातेवाइकाच्या सहीशिवाय डॉक्टर सहसा पुढे जात नाहीत. यात आम्हाला डॉक्टरांचा भित्रेपणा दिसत नाही. रडणाऱ्या आईला कार्ड दाखवून तिच्या मुलाचे हृदय काढणारे रुग्णालय दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवू शकणार नाही, आणि पुढच्या दहा घरांतला होकारही गमावेल.

ठाणे ते कल्याण

१९९५ नंतरही या पट्ट्यातल्या सह्या बराच काळ यादीच्या खालच्या भागापुरत्याच खऱ्या ठरत होत्या. मेंदूमृत्यूचे मुख्य कारण डोक्याला मार लागणे किंवा मेंदूत रक्तस्राव होणे. रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांच्या काठी वसलेल्या या शहरांत अशा रुग्णांची वानवा दुर्दैवाने कधीच नव्हती. पण मूळ कायद्यानुसार अवयव काढण्यासाठी रुग्णालयाची नोंदणी लागे, आणि अशी रुग्णालये मुंबईत होती. डोक्याला जबर मार लागलेला माणूस कल्याण-डोंबिवलीहून कळव्याला, तिथून मुंबईला, असा पुढे पुढे नेला जाई. त्यात त्याचे कार्ड कोण शोधणार?

परिस्थिती टप्प्याटप्प्याने बदलली. २००० साली मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सुरू झाले. अवयवांची सामाईक प्रतीक्षा यादी ठेवून वाटप करणारी ही संस्था ठाणे जिल्ह्याचेही काम पाहते. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात 'ऊती' हा शब्द आला. प्रत्यारोपण न करता केवळ अवयव काढून देणाऱ्या रुग्णालयांनाही नोंदणीची वाट मिळाली. या दुरुस्तीची अंमलबजावणी २०१४ पासून झाली, पण राज्य शासनाने २०१२ सालीच अतिदक्षता विभाग आणि शल्यगृह असलेल्या रुग्णालयांना मेंदूमृत्यू कळवण्याचा आदेश दिला होता. आता दाता असलेल्या रुग्णालयातच अवयव काढता येतात, त्याला हलवावे लागत नाही. अपघाताच्या प्रकरणात पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन यांमुळे दान अडू नये अशी तरतूदही २०१४ च्या नियमांत आहे.

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यात दान झालेले हृदय विमानाने मुंबईला आणून मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात एका तरुणाला बसवण्यात आले. सेन यांच्या प्रयोगांनंतर मुंबईत हृदयरोपण व्हायला सत्तेचाळीस वर्षे लागली. तो तरुण ठाणे जिल्ह्यातलाच होता. हृदय शरीराबाहेर साधारण चार ते सहा तास टिकते, यकृत आठ ते बारा, मूत्रपिंड एक दिवसाच्या आसपास. भूगोलाच्या शिक्षकांनी ही तीन वर्तुळे डोंबिवली केंद्र धरून नकाशावर काढायला सांगितली, एकदा रस्त्याने आणि एकदा विमानाने, तर मुलांना पुष्कळ गोष्टी आपोआप कळतील.

देशपातळीवरचे आकडे दोन्ही बाजू दाखवतात. २०१३ मध्ये भारतात पाच हजारांहून कमी अवयव प्रत्यारोपणे झाली होती, २०२४ मध्ये ती १८,९०० च्या वर गेली. पण त्यांतली बहुसंख्य जिवंत नातेवाइकांच्या दानाने होतात, आणि अशा दात्यांत बायकाच जास्त असतात. बायको नवऱ्याला, आई मुलाला मूत्रपिंड देते, उलट फार कमी घडते. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते २०२३ मध्ये सुमारे ११०० होते, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. त्याच वर्षी स्पेनमध्ये हे प्रमाण दहा लाखांमागे ४८ च्या वर होते.

स्पेनचे उदाहरण भाषणांत नेहमी येते, आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी. तिथे १९७९ पासून 'नकार नोंदवला नसेल तर होकार' असा कायदा आहे. तसा इथेही करा म्हणजे झाले, असे सांगितले जाते. पण कायदा झाल्यावर दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, स्पेनचे प्रमाण १४ च्या आसपासच होते. ते वाढले त्या वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिल्यावर. तिने रुग्णालयारुग्णालयात अतिदक्षता विभागातलाच एक डॉक्टर समन्वयक म्हणून नेमला. संभाव्य दाता ओळखणे आणि घरच्यांशी बोलणे हे त्याचे काम. घरच्यांना तिथेही विचारतात, आणि ते नाही म्हणाले तर दान होत नाही.

आपल्याकडे सध्या भर आहे तो नोंदणीवर. १७ सप्टेंबर २०२३ पासून राष्ट्रीय संस्थेची आधारशी जोडलेली नोंदणी सुरू झाली आणि २०२५ च्या ऑगस्टपर्यंत तीन लाखांहून अधिक लोकांनी ती केली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही करता येते, वरची वयाची अट नाही. दूरच्या रुग्णालयातही नाव शोधता येते, दागिन्यांच्या डब्यातल्या कार्डासारखे ते हरवत नाही, हा फायदा खरा आहे. मोबाइलवर काही मिनिटांत काम होते आणि प्रतिज्ञापत्र छापून मिळते. कागदी नमुना ७ भरताना मात्र साक्षीदाराच्या सहीसाठी घरातल्या एकाला तरी हाक मारावी लागत असे. तो येई, 'हे काय भरताय?' असे विचारी, आणि बायको किंवा मुलगा सही करायला नाही म्हणाला तर त्या संध्याकाळी घरात वाद होई. हा वाद आता टाळता येतो. टाळला तर तोच प्रश्न त्या घरच्यांपुढे अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर, समन्वयकाच्या तोंडून, पहिल्यांदा येतो.